गारगोटीच्या पोटातले तांबे

आमच्या शाळेच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, मुठीएवढा एक पांढरा दगड आहे. चौदा वर्षांपूर्वी एका मुलाने तो सिन्नरकडच्या आपल्या विहिरीच्या खोदकामातून आणून माझ्या टेबलावर ठेवला. "गुरुजी, हा कसला दगड?" मी वहीतून मान वर न करताच म्हणालो, "गारगोटी आहे, टाकून दे." त्याने तो टाकला नाही, कपाटात लपवून ठेवला. मॅट्रिक होऊन मास्तर झालेल्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाचे दगडांविषयीचे ज्ञान तेवढेच होते.

पुढे शाळेची सहल सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात गेली, तेव्हा काचेमागे तसलेच दगड मानाने मांडलेले दिसले. आमचा दगड स्टिल्बाइट निघाला. झिओलाइट नावाच्या मोठ्या कुळातला तो एक.

आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, आणि मागाहून झिरपलेल्या पाण्याने त्या पोकळ्यांत हे स्फटिक जमवले. १७५६ साली क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक खडा फुंकणीच्या ज्योतीत धरला, तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव पडले झिओलाइट, उकळणारा दगड. त्यानंतर शंभर वर्षांनी बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले गेले, तेव्हा निघालेले सुंदर नमुने लंडनपर्यंत पोहोचले. आमच्या विहिरी खोदणाऱ्यांनी मात्र त्यांचा उपयोग बांध घालण्याकडे केला.

दगड उकळतो याचे कारण त्याच्या पोटात पाणी असते. सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि प्राणवायू यांची जाळी, तिच्यात अणूंच्या मापाचे पिंजरे. पाणी निघून गेले तरी पिंजरे उभेच राहतात. या कुळातल्या चॅबझाइटच्या पिंजऱ्याची खिडकी एका मिलिमीटरच्या सुमारे सव्वीस लाखाव्या भागाएवढी. आत सोडियम, कॅल्शियम बिऱ्हाड करून असतात. त्यांना बाहेर काढून तेथे तांबे बसवता येते. एवढ्या एका गोष्टीवर पुढचा सारा इतिहास उभा आहे.

तो इतिहास धुराचा आहे. आमची शाळा आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर. फळा पुसताना बोटांना लागते ती काजळी दिसते तरी. नत्राची ऑक्साइडे दिसत नाहीत, छातीत मात्र उतरतात. यात सगळा दोष डिझेलचा नाही. इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत हवेतलेच नत्र आणि प्राणवायू एकमेकांना धरतात. ती जोडी तोडायला अमोनिया लागतो, आणि त्या दोघांची गाठ घालून देणारा तिसरा कोणी लागतो. जपानने १९७० नंतर वीजकेंद्रांच्या धुराड्यांत हे काम व्हॅनेडियमकडे दिले. १९८६ साली इवामोतो यांनी झिओलाइटात बसवलेले तांबे नत्राच्या ऑक्साइडावर चालते हे दाखवले. पण तो रुंद वाटांचा झिओलाइट उष्ण वाफेत टिकेना. मोटारीत तर काजळीची गाळणी जाळून साफ करताना उष्णता सहाशे अंशांपर्यंत चढते.

टिकणारा पिंजरा तोवर तयार झालेला होता. शेव्हरॉन कंपनीच्या स्टेसी झोन्स यांनी चॅबझाइटच्याच घडणीचा कृत्रिम झिओलाइट बनवला, त्याचे पेटंट १९८५ चे. त्यात तांबे घालून धूर शुद्ध करण्याचे पेटंट बीएएसएफला मिळाले २००९ साली! चोवीस वर्षे तो पिंजरा रिकामाच होता म्हणायचा.

आपल्याकडे सगळे आधीच होते असे म्हणण्याची आपल्याला खोड आहे. ती येथे आवरली पाहिजे. चॅबझाइट दख्खनच्या पाषाणातही सापडतो, पण त्यात अॅल्युमिनियम फार. गरम वाफ लागली की ते जागा सोडते आणि जाळी ढासळते. प्रयोगशाळेतल्या भावंडात सिलिकॉन अधिक, म्हणून ते तगते. निसर्गाने नकाशा दिला, घर माणसाला बांधावे लागले.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम आले, आणि आमच्या घाटातल्या नव्या ट्रकांना डिझेलच्या टाकीशेजारी दुसरी छोटी टाकी आली. तिच्यात शंभरास साडेबत्तीस भाग युरिया, बाकी शुद्ध पाणी. शेतकऱ्याला गोणीने ठाऊक असलेला तोच युरिया! गरम धुरात त्याचा अमोनिया होतो. पुष्कळ गाड्यांत तो तांब्याच्या झिओलाइटापाशी पोहोचतो, आणि शेपटातून साधे नत्र व पाण्याची वाफ बाहेर पडते.

गेल्या दिवाळीत तो विहिरीवाला मुलगा भेटला. आता ट्रक चालवतो. मी मोठ्या उत्साहाने त्याला हे सारे सांगितले, कपाट उघडून दगडही दाखवला. दगड ओळखून तो हसला.

"मग यात तांबं कुठंय, गुरुजी?"

"यात नाही. तुझ्या गाडीच्या डब्यात आहे."

तो जरा गप्प झाला. म्हणाला, "मालकानं डबी बसवून घेतलीय. युरिया पडतोय असं ती इंजिनाला खोटंच सांगती. नाहीतर युरिया संपला की गाडी घाटात ओढतच नाही. अन् युरियाचे पैसे कोण देणार?"

"म्हणजे तुझ्या टाकीत युरिया नाही?"

"टाकी कोरडी हाय, गुरुजी." दगड त्याने पुन्हा नकाशांच्या मागे, होता तिथेच ठेवला.