बेचिराख : दिवा न लागणारं गाव

युद्धाच्या बातमीत ‘बेचिराख’ हा शब्द वाचला की डोळ्यांपुढे राख येते. जळकी घरं, काळवंडलेल्या भिंती. मलाही कित्येक वर्षं हा शब्द आगीचाच वाटत होता. पण ‘राख’ बाजूला काढली तर मागे ‘बेचि’ उरतं आणि त्याचा मराठीत काही अर्थ लागत नाही. शब्द फारसी आहे, बे-चिराग. चिराग म्हणजे दिवा. जिथं दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. मराठी तोंडात ‘ग’चा ‘ख’ झाला, ‘राख’ कानाला ओळखीची होती, ती तिथंच बसली.

जुन्या महसुली कारभारात ही साधी नोंद असे. गावाचं नाव कागदावर, शिवार कागदावर, राहायला मात्र कुणी नाही. घरं जळालेली असलीच पाहिजेत असं नव्हतं. ती उभी असतील, दिवेलागणीला वात लावणारं माणूस नसेल. विदर्भात अशा ओस गावाला ‘रीठ’ म्हणतात. ‘बेचिराग’ मला अधिक लागतो, कारण त्यात गेलेल्या माणसाची संध्याकाळ आहे.

गावं अशी बेचिराग कशी होत? जुन्नर-आंबेगावच्या मुलखात 1630 हे साल शिवनेरीवरच्या शिवजन्माचं. त्याच साली निजामशाही बुडवायला शाहजहान बुऱ्हाणपुरात येऊन बसला होता आणि त्याच साली पाऊस गेला. 1630 ते 1632 चा तो दुष्काळ. याच धामधुमीत आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळून तिथं गाढवाचा नांगर फिरवला. 1636 मध्ये निजामशाही संपली, पुढे शिवनेरी मोगलांकडे गेली. लढाईत पडले त्यांची नावं थोडीफार तरी राहतात. पण फौजेच्या घोड्यांना दाणा-वैरण लागते, ती रयतेच्या कणगीतून आणि गंजीतून येते. कणगी रिकामी झाली की पुढच्या पेऱ्याचं बी गेलं, वैरण गेली की बैल गेले, आणि उपाशी अंगात तापाला शिरायला वेळ लागत नाही. युरोपात 1618 ते 1648 चं तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, तिथंही शस्त्रानं मेले त्यापेक्षा भुकेनं आणि रोगराईनं अधिक मेले. जर्मन भाषेतही ओस पडलेल्या गावाला स्वतंत्र शब्द आहे, ‘व्यूस्टुंग’.

फौज नुसती शेतातून गेली तरी उभं पीक जाई. त्याचा शब्द ‘पायमाली’, पायाखाली तुडवलं जाणं. आज आपण हक्कांची ‘पायमल्ली’ म्हणतो तेव्हा ती ज्वारी कुणाला दिसत नाही. आणि जे मेले नाहीत ते ‘परागंदा’ झाले. फारसीत ‘परागंदा’ म्हणजे विखुरलेला. आपण तो एकट्यादुकट्या फरारी माणसाला लावतो, जुन्या कागदांत अख्खी रयत परागंदा होते.

शिवनेरीवर एक चौथरा आहे. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना पकडून गडावर त्यांची डोकी मारली आणि त्यांवर हा चौथरा बांधला, अशी इथली आठवण आहे. त्याच्याजवळ उभं राहिलं की ‘शिरगणती’ हा जनगणनेचा जुना शब्द तोंडातून सहज निघत नाही. दुसरा शब्द ‘खानेसुमारी’ त्या मानानं मवाळ, घरांची मोजदाद. खेड्यात अजूनही विचारतात, “गाव किती उंबऱ्यांचं?” माणसं मोजायची ती घरावरून, उंबऱ्यावरून. बेचिराग ही त्याच हिशेबातली वजाबाकी.

गाव पुन्हा वसवायचं तर परागंदा रयतेला ‘कौल’ द्यावा लागे. अरबीत ‘कौल’ म्हणजे बोललेला शब्द, वचन. या, जमीन करा, उपद्रव होणार नाही, असं सरकारनं लिहून द्यायचं. सोबत ‘इस्तावा’ : पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग वर्षागणिक चढता. ओसाड पुणे परगण्यात लांडगे इतके झाले होते की मारणाऱ्याला बक्षीस ठेवावं लागलं, असं बखरीत येतं. अशा रानात बायकापोरं घेऊन परतायचं ते एका कागदाच्या भरवशावर. आज निवडणुकीनंतर ‘जनतेचा कौल’ म्हणतात. तेव्हा कौल राजानं द्यायचा आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे रयत ठरवी.

सगळेच आपल्या जुन्या गावी परतले नाहीत. काही दुसऱ्याच गावच्या कौलावर उतरले आणि तिथलेच झाले. या भागातल्या घरांत मूळ गाव विचारलं की कुणीतरी म्हातारं माणूस चार पिढ्या मागं जातं आणि थांबतं. पुढची खूण कुलदैवताची. ते कधी शेजारच्या तालुक्यात असतं, कधी घाटापलीकडं. तिथं आता भावकीतलं कुणी नसतं. तरी घरात लग्न झालं की नवरानवरीला घेऊन जातात, नारळ फोडतात, दिवा लावतात आणि मुक्कामाला परत आपल्या गावी येतात.