राजकीय अतिरेकवादाची मुळे : सोपाऱ्यापासून मराठवाड्यापर्यंत

नालासोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून काढला. सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे याच सोपाऱ्यात सापडले. नवव्या लेखात अशोक म्हणतो की पोकळ मंगलविधींपेक्षा दास आणि सेवकांशी नीट वागणे मोठे.

त्याच नालासोपाऱ्यात ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने छापा टाकून गावठी बॉम्ब जप्त केले. त्या खटल्यात कोण दोषी हे न्यायालय ठरवील. पण त्या वेळी अटक झालेल्यांपैकी एकाचा संबंध डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाशी निघाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला आणि आणखी एकाला जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले.

आपल्या गल्लीतून हे कसे उगवते, हा प्रश्न इथल्या कार्यकर्त्याला टाळता येत नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. तीव्र मागणी म्हणजे अतिरेक नव्हे. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिलाही हेच लेबल लावले गेले. ती अत्याचाराचा जाब विचारत होती. विरोधकाचा जगण्याचा, बोलण्याचा हक्कच नाकारणे आणि त्यासाठी हिंसा योग्य मानणे, हा अतिरेकवाद. ही रेघ पुसट झाली की सत्तेला सोयीचे होते; भीमा कोरेगावच्या १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर ‘शहरी नक्षल’ हा शब्द किती सैलपणे वापरला गेला ते आपण पाहिले.

गरिबीतून अतिरेक येतो, असे सरधोपट सांगितले जाते. मला ते पटत नाही. अमेरिकन अभ्यासक टेड गर यांनी १९७० मध्ये सापेक्ष वंचिततेची कल्पना मांडली: आपल्याला जे मिळायला हवे असे वाटते आणि जे प्रत्यक्ष मिळते, त्यातल्या अंतरातून चीड साठते. याचे मराठी उदाहरण म्हणजे नामांतर. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावचे बौद्ध वाडे पेटले. पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. वस्त्या जाळणारे सगळे काही भुकेले नव्हते. बौद्ध मुले शिकत होती, नोकरीला लागत होती, गावकीची कामे नाकारत होती. वर्चस्व हातून निसटते आहे हीच खरी सल होती. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला, म्हणजे सोळा वर्षांनी.

चिडीला शत्रूचा चेहरा देणारा कोणीतरी लागतो, आणि हे काम आता मोबाईलवर होते. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे मुले चोरणारे फिरत असल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. लगेच त्याला धार्मिक रंग दिला गेला. शेवटी अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे तत्कालीन गृहमंत्र्यांना जाहीर सांगावे लागले. भरती कुठल्या एकाच धर्मातून होते असेही नाही. २०१४ साली कल्याणचे चार तरुण इराककडे गेले होते, तेही सुशिक्षित घरांतले.

वसई-विरारची महानगरपालिका २००९ ची. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर होती. बाहेरून आलेली कुटुंबे, चाळी, पाण्याचा टँकर, पहाटेची विरार लोकल. इथे गावकी मागे सुटलेली असते आणि नवी ओळख अजून जमलेली नसते. अशा मुलाला त्याचे नाव घेऊन हाक मारणारे पहिले मंडळ कोणते, यावर बरेच ठरते. आपल्या वस्तीतल्या व्हॉट्सॲप गटांतही ‘त्यांना धडा शिकवा’ छापाचे संदेश फिरतात, खाली ‘जय भीम’ लिहून. ते मी वाचलेत.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दोन गोष्टी एकाच भाषणात सांगितल्या. रक्तरंजित मार्ग सोडा, ही एक. राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतला विसंवाद लवकर मिटवला नाही तर ज्यांना विषमतेची झळ बसते तेच लोकशाहीचा डोलारा उडवून देतील, ही दुसरी. पहिली गोष्ट भाषणांत येते. दुसरी विचारायची तर नगरसेवकाच्या दारात पाण्याचा, शाळेचा, रोजगाराचा हिशेब घेऊन जावे लागते.