बिघडलेला जॉब कोणाच्या खात्यात? दौंड, शिरूर आणि कारागीर घडवण्याच्या तऱ्हा

नेहमीप्रमाणे रेकॉर्डिंगमधले 'अं', 'म्हणजे' आणि मागून आलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकून हा मजकूर इथे ठेवतोय. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांना दोनचार वाक्यं इकडची तिकडे झालेली दिसतील, तेवढं समजून घ्या.

या भागाचं निमित्त घरातलं आहे. मावशीचा फोन आला. मावशी केडगावला असते, दौंड तालुक्यात. धाकट्याचा बारावीचा निकाल लागला होता, मार्क बेताचे. म्हणाली, "तू इंजिनियर आहेस ना, मग सांग. आयटीआयला घालू, का पाटसला हायवेवरच्या गॅरेजात ठेवू, का कुरकुंभला ठेकेदार ट्रेनी म्हणून घेतोय तिकडं जाऊ दे?"

मी हसून टाळू शकलो नाही, कारण थोरल्याचं काय झालं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तो रांजणगावच्या बाजूला एका कंपनीत ठेकेदारामार्फत 'ट्रेनी' होता. अडीच वर्षं एकाच लाइनवर, एकाच जागी उभा राहून चार स्क्रू पिळले. बाहेर पडला तेव्हा हातात सर्टिफिकेट नाही आणि हातात कसबही नाही. आता टेम्पो चालवतो. त्यामुळे मावशीच्या प्रश्नात 'परत तसं नको' हे न बोललेलं होतंच.

मी सॉफ्टवेअरवाला. मला यातलं काय कळतं? पण इतिहास वाचायची खोड आहे, म्हणून दोन दिवस मागितले आणि वाचत बसलो. वाचताना एक प्रश्न सापडला आणि पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरायला लागलं. शिकणाऱ्या पोरानं काम बिघडवलं तर ते पैसे कोणाचे जातात? वर्कशॉपमध्ये 'जॉब' म्हणजे नोकरी नव्हे, हातात घेतलेला तुकडा. तर, बिघडलेला जॉब कोणाच्या खात्यात?

सुरुवात गावगाड्यापासून करू. बलुतेदारीत सुतार-लोहाराला वर्षाकाठी शेतकऱ्याकडून धान्य मिळायचं आणि त्या बदल्यात नांगर, कुळव, पाभर नीट ठेवायची. लाकूड बहुतेक वेळा शेतकऱ्याचं, मेहनत सुताराची. आता विचार करा, दुसऱ्याच्या बाभळीवर आपल्या पोराला कोण हात साफ करू देईल? म्हणून लोहाराचं पोर आधी भाता ओढायचं, सुताराचं पोर लाकूड धरून ठेवायचं. वर्षानुवर्षं बघायचं, मग हळूच एखादी खुंटी करायला मिळायची. शिकण्याची ही तऱ्हा पक्की, पण फार सावकाश. शिवाय ती जन्मानं ठरलेली. लोहाराच्या घरात जन्मला नाहीस तर त्या भात्याजवळ बसायची सोयच नव्हती. जुन्या परंपरेबद्दल गहिवरून बोलताना हे आपण विसरतो.

मग रेल्वे आली. जीआयपी रेल्वे 1850च्या दशकाच्या शेवटी पुण्याहून दौंडला पोचली आणि 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंडचं जंक्शन झालं. इंग्रजांच्या कागदात 'धोंड'. वाफेच्या इंजिनांचं शेड आलं आणि त्याच्याबरोबर कारागीर घडवायची एक वेगळीच शिडी आली: क्लीनर, मग फायरमन, मग शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, मग पॅसेंजर आणि सगळ्यात वर मेल.

आमच्या नात्यातले एक आजोबा दौंडच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले होते. ते सांगायचे, पहिले काही महिने फक्त चिंध्या, तेल आणि राख. पण इंजिन पुसता पुसता कुठला भाग गरम राहतो, कुठला सैल होतो, हे बोटांना कळायला लागतं. फायरमन झाल्यावर कोळसा टाकायचा, तोही ढीग करून नाही, पातळ आणि सारखा पसरून. धुराड्यातून काळा धूर निघाला की लांबूनच कळायचं, आत कोणीतरी शिकाऊ आहे.

यातली खरी गंमत वेगळी आहे. फायरमननं आग बिघडवली तर वाफेचा दाब पडणार, गाडी लेट होणार आणि जाब द्यायला ड्रायव्हरही उभा राहणार. म्हणजे चुकीची किंमत शिकवणाऱ्याच्याही अंगावर. म्हणून ड्रायव्हर शिकवायचा, ओरडून, प्रसंगी शिव्या देऊन, पण शिकवायचा. त्यात त्याचा स्वार्थ होता. आणि शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून पगार होता. माझ्या मते हा मुद्दा सगळ्यात मोठा, कारण गरीब घरातलं पोर बिनपगारी पाच वर्षं शिकू शकत नाही.

शिरूरकडेही त्या काळात एक प्रयोग झाला. अमेरिकन मराठी मिशनच्या रिचर्ड विन्सर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे औद्योगिक शाळा चालवली. घायपाताचा धागा काढणं हे तिथलं एक काम. दुष्काळी तालुका, घायपात बांधाबांधावर, त्यामुळे निवड शहाणपणाची होती. तिथे बिघडलेल्या मालाचा भार शेवटी देणगीवर. पोरांना मोकळीक मिळते, पण देणगी आटली की शाळाही आटते. असो, हा विषय मोठा आहे, परत कधीतरी.

आता आयटीआय. आपल्याला वाटतं ही स्वातंत्र्यानंतरची कल्पना. मुळं त्याआधीची आहेत. दुसऱ्या महायुद्धात सरकारला घाईनं तंत्रज्ञ हवे होते, म्हणून 1940 पासून प्रशिक्षण केंद्रं निघाली. युद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेल्यांना धंद्याला लावण्यासाठी, फाळणीनंतर विस्थापितांसाठी, अशी ती व्यवस्था पुढे सरकली. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि 1956 मध्ये संस्थांचा कारभार राज्यांकडे आला. म्हणजे ही पद्धत घाईत, एकगठ्ठा माणसं तयार करायला जन्मली. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेले ट्रेड, शेवटी परीक्षा.

फिटरचा सुरुवातीचा जॉब काय? लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून सपाट आणि काटकोनात आणायचा. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड आला की परत घासायचा. सरकारी लोखंड, सरकारी कानस. बिघडला तर दुसरा तुकडा. जातीचा प्रश्न नाही, बापाचा धंदा कोणी विचारत नाही, मुलींनाही दार उघडं. गावगाड्याशी तुलना केली तर ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण जॉब चांगला झाला तरी जातो भंगारातच. त्याची वाट बघणारं बाहेर कोणी नसतं.

याचा अनुभव मला स्वतःला आहे, आणि तो अभिमानाचा नाही. बीटेकच्या पहिल्या वर्षी आम्हालाही फायलिंग होतं. आम्ही चौघांनी वर्कशॉपमधल्या मामांना शंभर रुपये देऊन जॉब करून घेतले. चौघांनाही पूर्ण मार्क. जो तुकडा कोणालाच नकोय, त्यासाठी तळहाताला फोड कोण आणणार?

ही फट सरकारलाही दिसली होती. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा त्यासाठीच: आयटीआयनंतर कारखान्यात जा, खऱ्या मशिनवर शीक, स्टायपेंड घे. कागदावर दौंडच्या शेडचीच आठवण. पण एक कडी सुटली. लाइनवरच्या सुपरवायझरला उमेदवार शिकला काय, न शिकला काय, आजचं उत्पादन मोजून द्यायचं असतं. पोराच्या हातून बिघडू नये याचा सोपा उपाय म्हणजे त्याला बिघडण्यासारखं काही द्यायचंच नाही. चार स्क्रू द्यायचे. आमच्या थोरल्याला तर या कायद्याखालची उमेदवारीसुद्धा नव्हती, नुसताच 'ट्रेनी' हा शब्द होता. तो गेटवर जाण्याआधी विचारायला हवं होतं की करार कुठल्या कायद्याखाली आहे. आम्ही कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

आणि आता ज्यासाठी हा भाग केला ते पाबळ. शिरूर तालुक्यातलं गाव, शिक्रापूरहून आत. बहुतेकांना मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे आले. इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात बरीच वर्षं. पन्नाशी उलटल्यावर ते सोडून पत्नी मीराताईंसह कमी पावसाच्या या गावात 'विज्ञान आश्रम' सुरू केला, जे. पी. नाईकांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचं एक केंद्र म्हणून. हे जे. पी. नाईक म्हणजे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. शाळेत 'कार्यानुभव' असावा असं सांगणारा तो आयोग.

कलबागांचं म्हणणं असं की मूल बोलायला शिकतं ते अभ्यासक्रमातून नाही, गरज पडते म्हणून. हातानं काम करून शिकणं हीच नैसर्गिक रीत, मग शाळेतही तशीच परिस्थिती उभी करा. एक वर्षाचा निवासी कोर्स, शाळा सुटलेली पोरंही चालतील. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. आजूबाजूच्या हायस्कुलांत आठवी ते दहावीला आठवड्यातला एक दिवस याच पद्धतीचा, आणि शिकवायला शक्यतो गावातलाच हाताचा जाणकार.

आणि जॉब? जॉब गावाचा. कोणाला खिडकीची जाळी हवी, कोणाला बाकडं, कोणाला विहिरीसाठी जमिनीत पाणी कुठे आहे ते बघून हवं. पोरं जमिनीत विजेचा प्रवाह सोडून तिचा रोध मोजायची आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधायची. ज्याचं काम तो साहित्याचे पैसे देणार. म्हणजे वेल्डिंग कच्चं राहिलं तर माल भंगारात जात नाही, गिऱ्हाईक दारात उभं राहतं. पण शेजारी शिक्षक असतो, परत करायला वेळ असतो. चूक खरी, पण जीव घेणारी नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर शिकाऊ पोराला थेट प्रॉडक्शनवर सोडलंय, पण शेजारी सीनियर बसवून. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पाबळचे घुमट लोकांना माहीत झाले, 2002 मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्यासोबत तिथे फॅब लॅब उभी राहिली, तीही एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी. 2003 मध्ये कलबाग गेले. काम चालू आहे.

पाबळवर आंधळं प्रेम करायचं कारण नाही. एका वर्षात चार विभाग शिकलेला मुलगा गावात स्वतःचं दुकान टाकायला तयार होतो, पण रांजणगावच्या टूलरूमला लागणारा, मायक्रॉनमध्ये बोलणारा फिटर तसा होत नाही. त्याला एकाच ट्रेडमध्ये दोनतीन वर्षं घासावं लागतं. पाबळ आणि रांजणगाव एकाच तालुक्यात आहेत, पण दोघांना लागणारी माणसं वेगळी आहेत.

मावशीला मी काय सांगितलं? आयटीआयला फिटर घे, कारण सर्टिफिकेट लागतं आणि थोरल्यानं ते नसल्याचं भोगलंय. पण संध्याकाळी त्याला फॅब्रिकेशनच्या दुकानात बसव. केडगावात एक जण गेट आणि उसाच्या ट्रॉल्या करतो, त्याला मीच फोन केला. पैशांचं नाही विचारलं. विचारलं, "दादा, पोरानं बिघडवलं तर?" तो म्हणाला, "पत्रा माझा, वेळ त्याची. नीट होईस्तोवर घरी जायचं नाही."

दिवाळीत धाकट्यानं फोटो पाठवला. गेटची बिजागरी तिरकी बसली होती, गेट जमिनीला घासत होतं. पाठोपाठ रात्री पावणेअकराला दुसरा फोटो आला: तेच गेट, सरळ. खाली लिहिलं होतं, "तिसऱ्यांदा. आई जेवायला थांबली होती, चिडलीय."

तुमच्या घरी कोणी दौंडच्या शेडमध्ये क्लीनर-फायरमन म्हणून सुरुवात केली असेल, किंवा पाबळला शिकलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात लावू.