मायकेल्सन-मॉर्ली प्रयोग
ईथर या कल्पित माध्यमातून पृथ्वी किती वेगाने जाते हे मोजण्यासाठी ॲल्बर्ट मायकेल्सन व एडवर्ड मॉर्ली यांनी 1887 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड येथे केलेला प्रयोग. पाऱ्यावर तरंगणाऱ्या जड दगडी शिळेवर आरसे बसवून प्रकाशझोत काटकोनात विभागला. शिळा सावकाश फिरवत दुर्बिणीतून व्यतिकरण पट्टे न्याहाळले. पट्टे सुमारे 0.4 पट्टारुंदी सरकायला हवे होते. प्रत्यक्षात ते त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकेही सरकले नाहीत. नकारात्मक निष्कर्षाचे इतके फलदायी उदाहरण विरळाच. तरी एवढ्याने ईथर मोडीत निघाले नाही : गतीच्या दिशेने लांबी आकसते, असे मानून लोरेन्ट्स यांनी ते सावरले. आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये ते अनावश्यक ठरवले. मायकेल्सन यांना 1907 मध्ये नोबेल मिळाले, ते अचूक प्रकाशीय उपकरणांसाठी.