शिक्षेच्या वेळचें मन

१८४३ च्या जानेवारींत लंडन शहरीं डॅनियल मॅक्नॉटन नांवाच्या इसमानें पंतप्रधान पील यांचे चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांस गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपल्या जिवावर उठला आहे, असा त्यास भ्रम होता. ज्यूरीनें त्यास वेडा ठरवून निर्दोष म्हटलें. त्यावर एवढा क्षोभ झाला कीं, उमरावांच्या सभेनें न्यायाधीशांस या विषयावर प्रश्न विचारले. त्यांच्या उत्तरांतून निघालेला नियमच १८६० च्या आमच्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमांत उतरला व आज न्याय संहितेच्या २२ व्या कलमांतही तो नांदत आहे.

हा नियम एकाच क्षणाकडे पाहतो. कृत्य करतेवेळीं आपण काय करीत आहों, किंवा तें गैर अगर बेकायदा आहे, हें आरोपीस कळत होतें काय? कळत होतें असें ठरलें कीं, या नियमापुरती मनाची चौकशी संपली! परंतु ज्यास बरेंवाईट कळतें त्याचें मन निरोगीच असतें, असें कोणता वैद्य म्हणेल?

अपराध घडला काय हा एक प्रश्न, शिक्षा किती हा दुसरा. या दुसऱ्यास आमच्याकडे स्वतंत्र सुनावणी मिळाली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें. १९८० सालीं बच्चनसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, फाशी टाळण्याजोग्या कारणांत मनाच्या आत्यंतिक क्षोभाला व विकृतीला वजन दिलें. तरी तुरुंगांतच ज्याची बुद्धि ढळली त्याचें काय? २०१४ सालीं शत्रुघ्न चौहान खटल्यांत, दयेचे अर्ज फेटाळलेल्या कैद्यांच्या बाबतींत, वेड हें फाशी रद्द करण्याचें कारण मानलें गेलें. २०१९ सालीं महाराष्ट्रांतील एक प्रकरण आलें. अपराध दोन बालिकांवरील अत्याचाराचा व त्यांच्या हत्येचा; दयेची भाषा ऐकून वाचकांचा संताप व्हावा असाच, आणि तो संताप आम्हांस गैर वाटत नाहीं. परंतु न्यायालयानें कैद्यास निर्दोष म्हटलें नाहीं कीं तुरुंगाचें दारही उघडलें नाहीं. पूर्वीं फेटाळलेला फेरविचाराचा अर्ज पुन्हां ऐकून, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकार हेंही सौम्यतेचें कारण होऊं शकतें असें ठरविलें, आणि फाशीऐवजीं आमरण कारावास दिला.

आमच्या मतें खरी उणीव अपिलांत नसून त्याच्या आधीं आहे. दोषी ठरविल्याच्या दिवशींच शिक्षेची सुनावणी उरकली, तर गरीब आरोपीच्या वकिलानें वैद्य आणावा कोठून? २०२२ सालीं मनोज खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हा भार सरकारवर टाकला: फाशीच्या खटल्यांत आरोपीच्या मनःस्थितीची वैद्यकीय तपासणी सत्र न्यायालयापुढेंच मांडली जावी.