रोखा कोणी फाडायचा?

१२ मे १८७५. बुधवार, सुप्याच्या बाजाराचा दिवस. बारामतीच्या वायव्येला असलेल्या या गावात तुम्ही सावकाराच्या पेढीसमोर उभे आहात. आसपासच्या खेड्यांतून आलेले कुणबी आत घुसलेत आणि वह्यांचे गठ्ठे बाहेर फेकताहेत. त्यांचा जीव कागदांत अडकला आहे, म्हणून त्यांना कागदच हवेत. तुमच्या पायाशी एक रोखा येऊन पडतो. वर मोडीतल्या दाट ओळी आणि खाली सहीच्या जागी वेडावाकडा काढलेला नांगर. ज्याने तो काढला त्याला वरची एकही ओळ वाचता येत नव्हती. एक म्हातारा रोखा उचलतो, नांगराच्या खुणेवरून बोट फिरवतो आणि तो जाळात टाकतो. मग हसतो. दात पडलेलं ते हसू बघून तुम्हालाही भरून येतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. युद्ध संपलं, भाव कोसळला. इंदापुराकडे तर सरकारने फेरपाहणी करून साराही वाढवला. पैसा गेला, व्याज तेवढं राहिलं.

पण त्या म्हाताऱ्याकडे आणखी थोडा वेळ बघा. हसता हसता त्याची नजर पुण्याच्या रस्त्याकडे जाते, पुन्हा जाते. त्या रस्त्याने उद्या-परवा पोलीस येणार, मागोमाग फौजही. त्याचा आनंद खोटा नाही, त्याला खोटा म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही. पण रोखा जळला तरी सावकाराच्या मनातला हिशेब जळलेला नाही. पुढच्याच वर्षी पाऊस दगा देईल, १८७६-७७चा दुष्काळ पडेल. नीरेचा डावा कालवा अजून खोदायचा आहे, बारामती-इंदापूरची माळरानं करपतील आणि मूठभर बाजरीसाठी याला पुन्हा कोणाच्या तरी ओट्यावर बसावं लागेल. कर्जबाजारी कुणब्यांना दिलासा देणारा कायदा व्हायला १८७९ उजाडेल.

ख्रिस्ती श्रद्धेतला आनंद मला या म्हाताऱ्यापासूनच समजून घ्यावासा वाटतो, कारण येशूच्या दृष्टांतांत सावकार, कुळं आणि थकबाकी ठायी ठायी भेटतात. एकाचं कर्ज पाचशेचं, दुसऱ्याचं पन्नासचं. दोघांकडेही फेडायला दमडी नाही आणि सावकार दोघांनाही माफ करतो. पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तर आपल्याविरुद्धचा रोखाच क्रुसाला खिळून टाकलेला दिसतो. तो कुळाने धाड घालून मिळवलेला नाही. ज्याचं येणं होतं त्याने सगळी बाकी डोळ्यांनी वाचली, बुडीत स्वतःच्या अंगावर घेतली आणि रोखा रद्द केला. म्हणून इथे कोणाला रस्त्याकडे नजर ठेवावी लागत नाही. ख्रिस्ती माणूस ज्याला आनंद म्हणतो, तो माझ्या समजुतीप्रमाणे हा आहे. त्यात दुःख संपल्याची ग्वाही नाही. पौलाने फिलिप्पैच्या लोकांना ‘आनंद करा’ असं पुन्हा पुन्हा लिहिलं तेव्हा तो स्वतः कैदेत होता.

आता सुप्याहून उत्तरेला चला, चौफुल्यावर या. पूर्व-पश्चिम जाणारा सोलापूर रस्ता तुकोबांच्या पालखीचा. सरळ पुढे गेलात की केडगाव. तीस वर्षं ओलांडा.

३० जून १९०५, पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन. इथल्या कितीतरी मुली १८९७ आणि १९००च्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या, घरचं कोणी न उरलेल्या. आदल्या दिवशी पहाटे काय घडलं ते सगळीकडे कुजबुजलं जातंय. प्रार्थनेत बुडालेल्या एका मुलीच्या अंगावर दुसरीला जाळ दिसला. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तोच कळलं, मुलगी पेटलेली नाही. आज रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय शिकवताहेत. दगड उचललेल्या माणसांतून एक स्त्री मोकळी होते, तो अध्याय. शिकवणं मध्येच थांबतं, कारण मुली रडताहेत, मोठमोठ्याने आपापले अपराध बोलून दाखवताहेत. तुम्ही दाराशी अवघडून उभे राहता. पण पुढच्या दिवसांत हेच रडणं ओसरतं आणि त्याच गळ्यांतून गाणं येतं, टाळ्या येतात, हसू येतं. आधी बाकी वाचायची, मग ती माफ झाल्याचं ऐकायचं, असा तो क्रम आहे. पहिली पायरी गाळून दुसरी मिळत नाही.

रमाबाईंनाही ती दुसरी पायरी एकदम मिळाली नव्हती. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. काही वर्षांनी उमगलं की आहे तशा अवस्थेत आपला स्वीकार झाला आहे, तेव्हा मन निवलं. पुढे १९२१च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, तेव्हा ते पुरं झालं होतं. टाळ्या वाजवणारा आनंद केडगावात मोठा दिसतो खरा, पण मला हा दुसरा जास्त खोल वाटतो.

आता आषाढी वारीत सामील व्हा. वरवंड, उंडवडी, बारामती. काटेवाडीत मेंढ्या पालखीभोवती गोल धावतात. पालखी ज्यांची आहे त्या तुकोबांनी वडिलांच्या येण्याचे रोखे धाकट्या भावाबरोबर वाटून घेतले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले, अशी कथा सांगतात. म्हणजे सावकाराने आपल्या हाताने कागद बुडवावा, हे या मातीने ऐकलेलं होतं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत आणि ख्रिस्ताविषयीचे अभंग लिहीत. तो पूल तुमच्या पायाखाली आहे.

इंदापूर. रिंगणाला गर्दी दाटली आहे. अश्व धुरळा उडवत सुटतात, लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, मग फुगड्या रंगतात. तुम्ही कडेला उभे आहात. आयुष्यभर कोणासाठी काय केलं, कोणी परत काय दिलं, कोणाची बाकी आहे, हे सगळं तुमच्या डोक्यात लिहिलेलं आहे. लूकच्या शुभवर्तमानातला थोरला मुलगा असाच अंगणात उभा राहिला होता. आत धाकटा परतल्याची मेजवानी, वाजंत्री. हा बापाला ऐकवतो, मी इतकी वर्षं राबलो, मला साधं करडूही मिळालं नाही. बाप त्याला घेऊन जायला स्वतः बाहेर आलेला. तो मुलगा आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही.

“या की माऊली, उभं काय राहिलाय!” तुळशीमाळ घातलेल्या एक बाई दोन्ही हात पुढे करतात. तुम्ही पिशवी खाली टाकता, चपला काढता आणि त्यांचे हात धरता.