उलाळ आणि धुरजड : शर्यतीच्या गाडीच्या उंचीचा इतिहास

शर्यतीच्या गाडीचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या साली किती वेग गाठला गेला, कोणी कोणाला किती अंतराने मागे टाकले, याच्या नोंदी त्यात असतात. प्रस्तुत लेखात आम्ही हा इतिहास उंचीच्या बाजूने वाचू इच्छितो. गाडी जमिनीपासून किती वर असावी हा प्रश्न वरवर पाहता केवळ कारागिराचा वाटतो. परंतु गाडीचा भार अखेर कोणाच्या अंगावर पडतो, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. नांदेड-लातूरच्या भागात त्याचे उत्तर मोटारीपेक्षा बैलगाडीत शोधावे लागते. तरीही आरंभ मोटारीपासून करणे सोयीचे, कारण तेथे हा हिशेब मिलिमीटरमध्ये मांडलेला सापडतो.

1950-60 च्या दशकांतील दोन आसनी स्पोर्ट्स कार साध्या रस्त्यासाठी बांधलेल्या असत. खड्डे आणि दगड यांच्यावरून जाण्याइतकी उंची त्यांना ठेवावी लागे. अशी गाडी शर्यतीत उतरवायची तर प्रथम ती खाली बसवतात. वळण घेताना भार बाहेरच्या चाकांवर आणि ब्रेक लावताना पुढच्या चाकांवर सरकतो. गाडीचा गुरुत्वमध्य जितका उंच, तितका हा भार अधिक सरकतो. म्हणून आखूड स्प्रिंगा बसवतात, किंवा शॉकअब्सॉर्बरवरील आट्यांची कडी फिरवून स्प्रिंगेची बैठक खाली घेतात. मात्र याला मर्यादा आहे. गाडी फार खाली गेली की स्प्रिंगेला दबायला जागा उरत नाही, चाकांचे कोन बिघडतात आणि साध्या उंचवट्यावरही गाडी आपोआप दिशा बदलू पाहते. यासाठी जाणता मेकॅनिक चारही चाके चार वजनकाट्यांवर उभी करतो, चालकाला आसनावर बसवतो आणि प्रत्येक कोपऱ्याची उंची थोडी थोडी बदलत भाराची वाटणी जुळवतो. चालकाचे वजन हा येथे गाडीचाच एक भाग असतो.

उंचीवरून नियमांची लढाईही झाली. 1977 आणि 1978 मध्ये लोटस कंपनीच्या मोटारींनी गाडीखालून वाहणाऱ्या हवेचा उपयोग करून तिला जमिनीकडे ओढून धरले आणि 1978 चे विजेतेपद मारिओ आंद्रेत्तीने त्याच बळावर मिळवले. वळणावरचा वेग धोक्याचा ठरू लागल्यावर 1981 मध्ये फॉर्म्युला वनच्या मोटारीखाली किमान 6 सेंटिमीटर मोकळी जागा असलीच पाहिजे, असा नियम आला. गॉर्डन मरे या अभियंत्याने ब्राभॅम मोटारीला अशी रचना दिली की धावताना हवेच्या दाबाने ती खाली बसे आणि वेग मंदावला की पुन्हा वर येई. मोजमाप गाडी उभी असताना होई. त्या वेळी 6 सेंटिमीटर भरत. त्या वर्षीचे विजेतेपद त्याच मोटारीतून नेल्सन पिकेने मिळवले. 1983 पासून मोटारीचा तळ सपाट असावा असा नियम करावा लागला. उभ्या गाडीची उंची मोजणारा नियम धावत्या गाडीविषयी फारसे काही सांगू शकत नाही, हे या प्रकरणातून दिसून आले. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. बैलगाडीपाशी त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

आपल्याकडे धावत्या गाडीची स्मृती फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 102 व्या सूक्तात मुद्गलानी बैल जुंपलेल्या रथाने शर्यत जिंकते. त्या सूक्ताचे अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावले, तरी रथ, बैल आणि शर्यत या तीन गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. वाजपेय यज्ञात सतरा रथांची विधिपूर्वक शर्यत असे. महाराष्ट्राच्या भूमीत पाहायचे तर दायमाबादचा रथ डोळ्यांसमोर येतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी 1974 मध्ये सापडलेल्या चार धातुशिल्पांपैकी हे एक. लांबी सुमारे 45 सेंटिमीटर, रुंदी सुमारे 16. जोडी बैलांची, लांब दांडी, आणि मागे उभा असलेला पुरुष. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आमच्या विषयापुरते महत्त्वाचे हे की, या गाडीत धान्याचे एकही पोते मावणार नाही. चालकाला उभे राहण्यापुरतीच तिच्यात जागा आहे. ओझ्याची गाडी आणि माणसाची हलकी गाडी हा भेद त्या शिल्पकाराला पुरता ठाऊक असावा.

आता गोदावरी आणि मांजरेच्या खोऱ्याकडे वळू. येथील काळी माती पावसात पायाला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात चाकोऱ्यांच्या रूपाने वाळून कठीण होते. अशा वाटेवर मोठे चाक सुखाने फिरते. आख उंच राहिल्याने चिखलातून व ओढ्यातून गाडी निघते. लाकडी आऱ्यांच्या, लोखंडी धाव चढवलेल्या उंच चाकांमागे हा भूगोल होता. त्याला जोड होती बैलाची. लातूर जिल्ह्यातील देवणी गावाने आणि नांदेड जिल्ह्यातील कंधारने आपली नावे दोन गोवंशांना दिली आहेत. वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा या तीन प्रकारांत ओळखला जाणारा देवणी दुधालाही चालतो आणि कामालाही. गडद तांबडा लाल कंधारी कष्टाचा. हे गोवंश शर्यतीसाठी घडले नाहीत. औताच्या आणि ओझ्याच्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निवड झाली. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तेथे शेतकरी बैलाची मान, खांदा आणि पाय निरखून पाहतो ते यामुळेच.

बैलगाडीला स्प्रिंग नसते. आख साटीखाली घट्ट बसलेला असतो, आणि दोन चाकांवर तोललेली ही गाडी तिसऱ्या ठिकाणी टेकते ती बैलाच्या मानेवर. म्हणून शेतकऱ्याच्या भाषेत तोलासाठी दोन नेमके शब्द आले. ओझे मागे जास्त झाले, जू वर उचलले जाऊ लागले, की गाडी उलाळ झाली. ओझे पुढे जास्त झाले, मानेवर दाब आला, की धुरजड. बालाघाटाच्या रांगांतून कंधार किंवा अहमदपूरकडे चढताना गाडी उलाळ होते आणि उतरताना तीच धुरजड, कारण साटीवरचे ओझे आखाच्या वर असते आणि उताराबरोबर त्याचा भार पुढे-मागे सरकतो. पोती जितकी उंच रचलेली, तितका हा फरक मोठा. गाडीवान एखादे पोते सरकवून किंवा स्वतः पुढे-मागे बसून तोल साधत असे. वजनकाट्यावर मेकॅनिक जे करतो ते हेच. पुढे हवेच्या टायरची गाडी आली. तिची चाके लहान असल्याने आख खाली गेला. बैलाची मान मात्र होती तेथेच राहिली. दांडीचा कल बदलला, आणि साटी व दांडी यांचे माप नव्याने जुळवणे सुतार-लोहारांना भाग पडले.

धुर् म्हणजे गाडीचे जू किंवा जुवाकडचा भाग. धुरीण, धुरंधर, धुरा सांभाळणे हे आपले नेतृत्वाचे सारे शब्द तेथून निघाले. सभा-समारंभांत ते सहज वापरताना, मूळचा धुरंधर मानेवर भार घेणारा बैल होता, याचा आपल्याला विसर पडलेला असतो.

शंकरपटात गाडी पालटते. साटी जाते, चाके लहान होतात, सांगाडा हलका आणि खाली येतो. ढेकळावर चाक उडाले तरी ठेंगणी गाडी सहजी उलटत नाही. गाडीवरचे एकमेव ओझे म्हणजे धुरकरी. तो कोठे बसतो आणि सुटताना किंवा थांबताना कोणीकडे झुकतो यावर मानेवरचा भार क्षणोक्षणी बदलतो. मोटारीत हा बदल स्प्रिंग सोसते, येथे तो जिवंत मान सोसते.

कायद्याने या तोलाकडे कसे पाहिले? 1965 च्या ओझ्याच्या जनावरांविषयीच्या नियमांनी गाडीला बेअरिंग आहे की हवेचे टायर आहेत की दोन्ही नाहीत, हे पाहून ओझ्याची मर्यादा ठरवली. मोठा आणि लांब चढ असेल तर ती निम्मी केली. चाक आणि उतार या दोहोंची दखल त्या नियमांत होती. शर्यतीविषयीचा वाद मात्र वेगळ्या वाटेने गेला. 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि बैलाची शरीररचना अशा खेळांसाठी नाही असे म्हटले. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. या दीर्घ वादात चाबूक, टोचणी, मारहाण आणि धावेचे अंतर यांची चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. तथापि काठी न उगारताही धुरजड गाडी बैलाला इजा करू शकते, हे आपल्या भाषेला ठाऊक असलेले सत्य त्या चर्चेच्या कडेलाच राहिले.

शर्यत असावी की नसावी, यावर आमच्यातही एकमत नाही. परंतु ती होणारच असेल, तर गाडीचा तोल मोजणे अवघड नाही. धुरकरी गाडीवर बसलेला असताना जू काट्यावर टेकवले, तर मानेवर येणारा भार किलोमध्ये कळतो. उभ्या गाडीचे माप धावेची सारी हकीकत सांगत नाही, हे 1981 ने शिकवले आहे. म्हणून धाव संपल्यावर बैलाची मान आणि खांदा पाहणे त्याला जोडावे लागेल. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्ञानाची वाण नाही. भाषेच्या अध्यापकांनी या कामी एवढे करावे की, उलाळ आणि धुरजड हे शब्द केवळ कोशात राहू देऊ नयेत. गावातील जुन्या गाडीवानांकडून ते त्यांच्या अर्थासह, उताराच्या आणि चढाच्या तपशिलासह, विद्यार्थ्यांकरवी लिहून घ्यावेत. पंचांना काट्यावर काय पाहायचे ते याच शब्दांतून सांगता येईल.